तिसरी बाटली

गडहिंग्लजच्या बाजारातून बैल घेऊन मी आठवड्यानं गावात आलो, तेव्हा आण्णा चौगुले वेशीबाहेर बाभळीखाली उभा होता. माझीच वाट बघत होता. त्यानं माझ्या हातातला कासरा काढून घेतला. नवा बैल अनोळखी माणसाला बुजला, मागं सरला, तरी आण्णानं कासरा सोडला नाही.

"काय झालंय?" मी म्हणालो.

"घरी चल आधी."

"हितंच सांग."

"बया गेली गा. पटकीनं. काल सांजचंच न्हेली. ठेवण्यासारखं न्हवतं."

मी तिथंच खाली बसलो. जमीन तापलेली होती. आण्णा बैलाला बाभळीला बांधून माझ्याजवळ येऊन बसला. मी विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

"मीच. तुझं भाऊबंद दारातनंच माघारी फिरलं. पटकी म्हटल्यावर कोण फुडं येतंय?"

"बोलली काय?"

"पाणी पाणी करत हुती. आमच्याच हिरीचं मागितलं. माझ्या अव्वानं गाळून दिलं, मी चमच्यानं पाजलं."

असं म्हणून त्यानं डोईच्या पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. माझे डोळे कोरडे होते. माझ्या बायकोसाठी माझ्याआधी तो रडला, तिच्या तोंडात शेवटचं पाणी त्यानं घातलं, चितेला अग्नीही त्यानंच दिला. मला काहीच ठेवलं नाही. वेशीबाहेर बसल्या बसल्या मला हेच वाटलं, आणि घरी जाऊन रिकामी जागा बघितली तरी तेच वाटत राहिलं.

आमचं गाव हुपरीच्या खाली, दूधगंगेच्या काठाला. आण्णाचं आणि माझं रान बांधाला बांध लागून. तो जैन, मी मराठा. त्याची विहीर त्याच्या आज्ज्यानं पाडलेली. माझी मी पाडली, लग्न झालं त्या साली. खाली काळा पाषाण लागला. पहार उसळून परत यायची. सुरुंग लावले, दगड डोक्यावरून वर काढले. बया टोपल्या ओढायची. पाणी लागलं तेव्हा तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पहिली ओंजळ तोंडात घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

पाणी मचूळ होतं. उसाला चालायचं, मिरचीला चालायचं, जनावरं नाक फेंदारून प्यायची. डाळ मात्र शिजायची नाही. चुलीत किती का सरपण घाला, तूर आपली खड्यासारखी टणक. पहिल्या दिवशी बया सांजपर्यंत चुलीपुढं बसली. दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन बांध ओलांडून आण्णाच्या विहिरीवर गेली. त्यानंतर ती रोज गेली. तिच्या पायांनी बांधावर वाट पडली. पावसाळ्यातसुद्धा त्या वाटेवर गवत धरायचं नाही.

कळशी घेऊन आली की तिच्या तोंडात त्याच घरातलं बोलणं. अव्वा, म्हणजे आण्णाची आई, पाणी दुहेरी फडक्यानं गाळते. गाळून झालं की फडकं उलटं करून धुते आणि त्यातले जीव ज्या विहिरीतले त्याच विहिरीत सोडते. आण्णाच्या मोटेचं चाक कुरकुरत नाही. आण्णा बैलाला शिवी देत नाही.

"मग तिथंच ऱ्हा की," मी एकदा म्हणालो.

"तुमच्या हिरीत डाळ शिजू द्या, मग न्हाय जायची," ती म्हणाली आणि हसली.

मी हसलो नव्हतो.

दिवस घालायला माझी बहीण झुंबर आली. ती विधवाच होती, मग माझ्याकडंच राहिली. माझं डोकं भादरलेलं, त्यावर ऊन लागायचं. पण मिरची वाळत होती, मोट धरावीच लागली. नवा बैल मोटेच्या उतारावर, धावेवर, उतरताना अडायचा. मी नाड्याच्या जाड दोरावर बसून त्याला दामटायचो आणि मोट वर आली की थारोळ्याच्या कुंडात ओतायचो. हाताला नाड्याचे वळ पडले. पलीकडं आण्णाची मोट बिनआवाज चालायची. मला ती ऐकू येत नव्हती, तरी मी तिकडं कान देऊन असायचो.

एके दिवशी झुंबर कळशी घेऊन बांधावरून येताना दिसली. मी मोट सोडून आडवा गेलो.

"कुठलं पाणी?"

"आण्णाकडलं. डाळ टाकायची हाय दादा."

मी कळशी तिच्या कमरेवरून काढली आणि बांधावर ओतली.

"आरं, काय हे!"

"त्याच पाण्यानं तिला खाल्ली. पुन्ना त्या हिरीवर पाय ठेवायचा न्हाय."

"आण्णाच्या घरातलं कोण पडलंय व्हय? त्येच पाणी पित्यात की सगळी."

"ती गाळून, तापवून पित्यात. बया तसंच आणायची."

झुंबर रिकामी कळशी घेऊन माझ्या विहिरीवर गेली. त्या रात्री आणि पुढं कितीतरी दिवस आम्ही भाकरी आणि खर्डा खाल्ला.

गावात पटकी थांबली नव्हती. खालच्या गल्लीत दोघं गेली, मग तांबोळ्याची मेहरुन्निसा गेली. शेवटी कोल्हापुरातून दरबारचा डाक्टर आला. घोड्यावर तो आणि मागं छकड्यात त्याचा कंपाउंडर, हुसेन मलकापूरवाला. छकड्यात एक लाकडी पेटी. पेटीत भुसा, भुशात काचेच्या बाटल्या, त्यांना काचेचीच बुचं.

सगळा गाव चावडीपुढं जमला. डाक्टर घामानं भिजलेला होता. कुठल्या तरी गावाहून तो सरळ आला होता आणि त्याला अजून पुढं जायचं होतं.

"तुमच्या गावात पाणी भरायच्या जागा पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "आणि माझ्याकडे बाटल्या तीन उरल्यात. पाणी मुंबईला जाईल, तिथं तपासतील. त्यामुळे जागा विचार करून निवडायच्या. दाखवा कुठल्या त्या."

तानाबाई गुरवीण लगेच पुढं झाली. "देवळाच्या आडाचं न्ह्या सायेब. नारळाच्या पाण्यासारखं हाय."

"माझ्या मळ्यातल्या झऱ्याचं न्ह्या," बाळासो म्हणाला. "तळाचा खडा दिसतोय."

"आरं, दरबारात पाणी जायाचं म्हंजे गावाची अब्रू हाय. चांगलंच दिलं पाहिजे," आणखी एक जण म्हणाला.

प्रत्येक जण आपापलं पाणी पुढं करू लागला. डाक्टरनं हात वर केला.

"अहो, मला गोड पाणी प्यायचं नाहीये. वाईट पाणी शोधायचंय. जिथलं पाणी पिऊन माणसं पडली, ती जागा सांगा."

वाईट पाणी माझ्या दारात आहे, असं कोण म्हणणार?

डाक्टर स्वतःच उठला. नदीवर जाऊन आला. जिथं जनावरं डुंबतात आणि वरच्या अंगाला बायका हागरी धुणी धुतात, ती जागा त्यानं धरली. मग गावविहीर बघितली. पायऱ्या शेवाळलेल्या, लोक आत उतरून पाय बुडवून भरायचे. तीही धरली. "सगळ्यात जास्त माणसं इथलं पितात, म्हणून ही," असं त्यानं सांगितलं. मला ते पटलं. राहिली तिसरी.

"तिसरी आण्णा चौगुल्याच्या हिरीची," मी म्हणालो.

"आरं गप," बाळासो म्हणाला. "ते पाणी म्हंजे तीर्थ. त्यावर बाटली घालवायची व्हय?"

"माझी बायको त्याच तीर्थानं मेली."

डाक्टरनं माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघितलं. "रोज तिथलंच पाणी होतं का?"

"रोज. लग्न झाल्यापासून."

"तुमची स्वतःची विहीर आहे?"

"हाय. पण बया तिचं पाणी पीत न्हवती."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्यात डाळ शिजत न्हाय, पटकी काय शिजतीया!" माणसं हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी मागं वळून बघितलं नाही.

आण्णा एका बाजूला उभा होता. तो काहीतरी बोलणार असं वाटलं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाला, "न्ह्या की सायेब. आमच्या हिरीचं न्ह्या. माझी ना न्हाय."

याचाही मला राग आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात खालच्या गल्लीतून निरोप आला की आणखी एक पोरगी पडलीय. डाक्टर तिकडं गेला. जाताना हुसेनला म्हणाला, "तिसरी तू भर. विहिरीत बुडवून सरळ भर, बूच लाव."

हुसेन, आण्णा आणि मी मळ्यात गेलो. वाटेत हुसेन म्हणाला, "पावणं, तंबाखू हाय का? सकाळपासनं निस्तं पाणीच बघतोय." मी चंची दिली.

विहिरीवर अव्वा बसलेली होती. वाकलेली, पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी. बाटली बघून म्हणाली, "कुणाला पायजे पाणी?"

"दरबाराला," आण्णा म्हणाला.

विहिरीचं पाणी खोल गेलं होतं आणि हुसेनकडं दोरी नव्हती. म्हातारीनं आपली कळशी सोडली, भरून वर ओढली. मग कमरेचं फडकं काढलं, दुहेरी केलं, बाटलीच्या तोंडावर धरलं.

"ए, ए! म्हातारे, गाळू नगंस," हुसेन म्हणाला.

"का?"

"तसंच पायजे. अनगळ."

"ह्या हातानं अनगळ पाणी मी कुणाला दिल्यालं न्हाय. जनावराला दिल्यालं न्हाय. दरबाराला दिऊ?"

"अव्वा, त्यास्नी बघायचं हाय पाण्यात काय हाय ते," आण्णा म्हणाला.

"जीव हायत. मला ठावं हाय की. त्यास्नी काचंत कोंडून मुंबईला धाडायचं? मरतील की रं वाटंत."

बोलता बोलता तिनं ओतलंच. बाटली हुसेनच्या हातात, पाणी फडक्यातून आत. मी धावलो, तोवर ती गळ्यापर्यंत भरली होती.

"ओत ती!" मी ओरडलो. "ओत आणि पुन्ना भर!"

"कशी ओतू? बाटली शिजवून आणलीया. एकदा पाणी लागलं की झालं. पुन्ना भरून चालत न्हाय."

"मग दुसरी काढ."

"दुसरी हाय कुठं? तिसरीच शेवटची, ऐकलंसा न्हाय?"

"मग डाक्टरला सांग गाळलंय म्हणून."

हुसेननं बूच लावलं, वर मेणकापड बांधलं. "सांगितलं तर मला शिव्या. माझी नोकरी जाईल पावणं. पाणी ते पाणीच की. गाळलं काय अन् न गाळलं काय."

मागं म्हातारीनं फडकं उलटं केलं, कळशीतल्या पाण्यानं धुतलं आणि ते पाणी कळशीतच घेऊन हळूहळू विहिरीत सोडलं. कळशी पाण्याला टेकेपर्यंत तिनं दोर धरून ठेवला, वरून ओतलं नाही. जीवांना लागू नये म्हणून. मी काठावर उभा राहून बघत होतो. बयाला ज्यानं मारलं ते बाटलीत गेलं नाही, म्हातारीनं ते परत घरी पोचवलं, असं मला वाटलं. आण्णाच्या छातीवर बसावं असं वाटलं. आण्णा म्हणाला, "आकाराम, मी आडवायला पायजे हुतं. पण आईच्या हातातनं फडकं कसं ओढू?"

संध्याकाळी हुसेननं विहिरींत लाल औषध टाकलं. पाणी जांभळ्या रंगाचं झालं. औषध थोडंच होतं. माझ्या बांधावर आल्यावर त्यानं विचारलं, "हितं टाकायचं?"

"पिण्याची न्हाय," मी म्हणालो. झुंबर आणि मी तेच पीत होतो, तरी. तो पुढं गेला.

बाटल्या रुकडीच्या ठेसनावरून गेल्या. उत्तर यायला बरेच दिवस लागले. तोवर वळीव दोनदा पडून गेला, मिरचीची तोडणी संपली. बैल आता धावेवर अडत नव्हता. मग एकदा हुसेन एकटाच आला आणि चावडीपुढं उभा राहून त्यानं सांगितलं. नदीचं पाणी वाईट. गावविहिरीचं वाईट. चौगुल्यांच्या विहिरीचं चांगलं, निर्मळ.

गावविहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. मग गाव जाणार कुठं? आण्णानं विहिरीवर दुसरा रहाट बसवला आणि सगळ्यांना पाणी मोकळं केलं. दिवस उगवायच्या आत बायकांची रांग लागायची. अव्वा फडकं घेऊन बसायची आणि प्रत्येकीची घागर गाळून भरायची. "आण्णानं गाव वाचिवला," असं लोक म्हणायला लागले. बाळासो पारावर म्हणाला, "आकारामनं उगंच नाव घेतलं. देव बघतोय वरनं." मी तिथंच बसलो होतो. ते त्याला माहीत होतं.

मी मोट धरायचो आणि बांधाकडं बघायचो. बयाच्या पायांनी पडलेली वाट होती, तिच्यावरून आता सगळा गाव चालत होता. वाट गाडीवाटेएवढी रुंद झाली. तिची म्हणून काही उरली नाही.

झुंबर एकदा भाकरी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "दादा, साऱ्या गावाला चालतंय ते पाणी, मलाच तेवढं न्हाय. बायका इच्यारत्यात, तुमच्यात काय भांडण हाय का म्हणून. मी काय सांगू?"

"बाटली गाळल्याली हुती म्हणून सांग."

"सांगितलं. हसत्यात."

त्याच दिवशी कलत्या उन्हात आण्णा खांद्यावर घागर घेऊन आला. घागर त्यानं माझ्या थारोळ्याच्या काठावर ठेवली. मी बैल सोडत होतो, सोडतच राहिलो.

"झुंबरला पाण्याला धाड," तो म्हणाला. "तुझा राग माझ्यावर असंल, तर माझ्यावर धर. तिच्या पोटाला कशाला?"

"माझं पाणी माझ्या घराला पुरतंय."

"आकाराम, हे पाणी पिऊ नका रं."

"का? डाळ शिजत न्हाय म्हणून?"

आण्णा खाली बसला. पायाच्या बोटानं त्यानं माती उकरली. मग म्हणाला, "तू बाजारला गेलास त्याच दिशी मी हिरीचा गाळ काढायला काढला. आठ गडी लावलं. सारा उपसा केला. तळाला निस्ता चिखूल. आम्ही आमच्या जैन बस्तीच्या आडाचं पाणी आणून पीत हुतो. बयाला म्हटलं, तूबी तिकडनं आण. ती म्हणाली, लांब पडतंय, चार दिवस आमचंच पिते की. रोज सांजचं बांधावर येऊन इच्यारायची, 'आण्णा, डाळ शिजंना बाई, कवा सरायचं तुमचं गाळ काढणं?' झरं मोकळं झालं, नवं पाणी आलं, त्याच दिशी सकाळी तिला हगवण लागलीती. म्हणून मागितलं तिनं आमचं पाणी. किती दिसांत मिळालं न्हवतं तिला."

मी म्हणालो, "खोटं."

"आईशप्पत."

"मग चावडीत का न्हाय बोललास?"

"चार माणसांत? तुझं डोकं भादरल्यालं. सारी हसत हुती तुला. त्यात मी म्हणू, ती तुझ्याच हिरीचं पीत हुती म्हणून?"

त्यानं माझी लाज राखली होती, आणि तीही मला न विचारता. अग्नीसारखंच. मी बैलाचं दावं हातात घेऊन उभा राहिलो. बैल माझ्या अंगावर नाक घासत होता. मी आण्णाला म्हणालो, "ऊठ, जा घरी."

तो गेला. घागर तिथंच ठेवून गेला.

मी विहिरीच्या काठावर जाऊन खाली बघितलं. पाणी हिरवट, त्यावर लिंबाची पानं. ज्या अंगाला पाषाण फोडताना सुरुंगानं चीर पडली होती, तिथून पाझर होता. त्या चिरेच्या वरच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याला खालच्या गल्लीची सगळी घाण. हे मी रोज बघत आलो होतो. झुंबर आणि मी इतके दिवस तेच पाणी पीत होतो, आणि आम्हांला काही झालं नव्हतं. मग बयाला झालं ते यानंच कशावरून? आण्णाची विहीर उपसली, तिचं नवं पाणी चांगलंच होतं कशावरून? ते तर शेवटी शेवटी तिच्या तोंडात त्यानंच घातलं. पण हगवण आधी लागली होती. मी उलटसुलट करत बसलो. प्रत्येक वेळी मला आण्णाचीच विहीर धरायची होती आणि प्रत्येक वेळी ती हातातून सुटत होती.

दुसऱ्या दिवशी मी हुपरीला गेलो. तिथं धर्मशाळेत हुसेनचं बिऱ्हाड होतं. तो पेटी बांधत होता.

"मला एक बाटली पायजे," मी म्हणालो.

"बाटल्या कुठल्या आता? डाक्टर गेले मलकापूरच्या अंगाला. तिकडं लागलीया पटकी. मीबी निघालोय."

"माझ्या हिरीचं पाणी बघायचं ऱ्हायलंय."

"तुमच्याच तोंडनं सांगितलंसा की, पिण्याची न्हाय म्हणून."

"पीत हुती. माझी बायको पीत हुती. मला ठावं न्हवतं."

हुसेन थांबला. हातातली दोरी त्यानं खाली ठेवली. "पावणं, तुमच्या गावात आता कोण मरतंय का?"

"न्हाय."

"मग कोण तपासणार? बाटली मरणाच्या मागनं जाती."

"अन् आण्णाची बाटली? ती गाळल्याली हुती. तू बघितलंस, मी बघितलं."

"मी काय बी बघितल्यालं न्हाय," हुसेन म्हणाला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "पाणी तापवून पीत जावा. दोन्हीकडलं."

मी चालत परत आलो. झुंबरला सांगितलं की आण्णाकडं पाण्याला जा, आणि आणलेलं तापवून घे. ती लगेच उठली. कळशी घेतली आणि बांधावरच्या गर्दीत मिसळली. संध्याकाळी घरात डाळ शिजली. तिचा वास आला तेव्हा मी उठून बाहेर जाऊन बसलो.

आता पाऊसकाळ तोंडावर आहे. ओढा वाहू लागला की माझ्या विहिरीत नवं पाणी भरेल आणि उन्हाळ्यातलं ते पाणी त्यात मिसळून जाईल. बया कुठल्या पाण्यानं गेली ते मला कळलेलं नाही. आण्णाच्या विहिरीचं न गाळलेलं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही. माझ्या विहिरीचं तर गाळलेलंही नाही.